विषय: शाळेच्या मातीकामासाठी चाके, शुक्रवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे

प्रेषक: चिटणीस

सर्वांना सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील पलूसच्या शाळेतील मातीकामाच्या वर्गासाठी साधने घेण्याचे येथे परदेशात झालेल्या आपल्या मंडळाच्या कोजागरीच्या बैठकीत ठरले होते, त्याबाबत एक संधी चालून आली आहे. आमच्या भागातील एका शाळेने कुंभारकामाची खोली बंद केली असून तेथील विजेवर चालणारी तीन चाके आणि एक स्लॅब रोलर (मातीची सपाट पोळी लाटायचे यंत्र) ती विनामूल्य देण्यास तयार आहे. अट एवढीच की शुक्रवारपर्यंत होकार द्यावा आणि पुढच्या आठवड्यात सामान उचलावे. पुस्तकांची खोकी ज्या कंटेनरमधून भारतात जाणार आहेत त्यात जागा शिल्लक आहे. साधनांसाठी राखलेली रक्कम त्यामुळे वाहतुकीला वापरता येईल. ही चाके घ्यावीत असे माझे मत आहे. कोणाचा आक्षेप असल्यास कृपया लगेच कळवावा.

---

प्रेषक: मिरजेच्या माई

चिटणीसांना नमस्कार.

माझा आक्षेप आहे, आणि तो मी सविस्तर मांडते, कारण येथील शाळांत हाच विषय शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. पलूसच्या त्या वर्गात ४२ मुले आहेत आणि तास ३५ मिनिटांचा आहे. तीन चाके सगळा वेळ अखंड फिरत राहिली, तरी एका मुलाच्या वाट्याला जेमतेम अडीच मिनिटे येतात. चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणणे ही पहिली पायरी, आणि तेवढ्यालाच नवशिक्याला अनेक तास द्यावे लागतात. बारा वर्षांची मुलगी चाकावर बसते तेव्हा तिची कोपरे हवेत असतात, गोळा हाताला धक्के देत राहतो. कोपर मांडीवर घट्ट टेकवून तळव्याचा खालचा भाग स्थिर धर, असे शेजारी बसून सांगितले की गोळा हळूहळू शांत होतो. हे सांगायला अडीच मिनिटे पुरत नाहीत, आणि तोवर उरलेली ३९ मुले भिंतीला टेकून उभी असतात.

साधन निवडताना एका तासात किती हात मातीत जातील, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारते. चिमटीने घडवलेली वाटी, वळ्या एकावर एक रचून केलेले भांडे आणि मातीची पोळी लाटून जोडलेला डबा, या तीन रीतींत सगळ्या मुलांचे हात एकाच वेळी कामाला लागतात. त्यासाठी भक्कम टेबले, प्रत्येकाला एक फळी, जाड मांजरपाटाचे तुकडे, माती कापायच्या तारा आणि माती सुकवायला प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लाद्या एवढे लागते. चाक एकच असावे, पण चांगले असावे.

---

प्रेषक: वाडीचे अण्णा

माईंच्या शिकवण्याच्या अनुभवाबद्दल मी काही बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. विजेबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे.

येथे आणि भारतात वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ अशी सारखीच आहे, त्यामुळे चाके तेथे चालतील. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर सुमारे ३७५ वॅटची असते, म्हणजे भारही फार नाही. अडचण पुढे आहे. अशा चाकात आधी पट्टा जातो आणि मग वेग नियंत्रित करणारे कार्ड जाते. तीस वर्षे जुन्या परदेशी चाकाचे कार्ड पलूसमध्ये कोण दुरुस्त करणार? खेरीज ओल्या हातांनी मुले बसणार, तेव्हा चांगले अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा स्विच असल्याशिवाय त्या खोलीत एकही चाक लावू नये, हे माझे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे.

माझे वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात ओतकामावर होते. १९१० साली माळरानावर वसलेल्या त्या गावाने लोखंडी नांगर घडवले, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याच परिसरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पायाने फिरवायचे चाक सहज बनेल. खाली जड गतिचक्र, वर तबकडी, मध्ये दोन बेअरिंगांवर बसवलेला दांडा, इतकीच त्याची रचना. विजेची गरज नाही आणि मोडले तर गावात दुरुस्त होईल. आराखडा मी काढून देतो.

---

प्रेषक: तासगावच्या वहिनी

अण्णांचे पत्र वाचले, पण मला स्लॅब रोलरबद्दल लिहायचे आहे, कारण त्याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही.

पोळी लाटायला त्याची गरज नाही. दोन सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या मातीच्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात आणि लाटण्याची टोके त्या पट्ट्यांवरून फिरू द्यावीत. पोळी पट्टीपेक्षा पातळ होऊच शकत नाही. माझ्या मुलीच्या वर्गात मी हे स्वतः करून घेतले आहे. वळ्या पाडायला मी जुना पितळी सोऱ्या दिला होता आणि शेवेची जाड ताटली लावल्यावर वळ्या उत्तम पडल्या. तो सोऱ्या पुन्हा स्वयंपाकात वापरला नाही, हेही सांगते. बेंदराला आमच्याकडे मातीचे बैल पूजेला मांडत, आणि आजी उरलेल्या मातीची गव्हाण आम्हा मुलांकडून करवून घेई. त्या वेळी कोणाकडे यंत्र नव्हते.

---

प्रेषक: खजिनदार

साधनांविषयीची चर्चा चालू राहू द्यावी, परंतु एक बाब माझ्या अखत्यारीतील आहे आणि ती मला विचारल्याशिवाय ठरू नये. मंडळाच्या खात्यातून रक्कम पाठवायची तर ती स्वीकारणाऱ्या संस्थेची परकीय योगदानाच्या भारतीय कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते, आणि संस्थेला दिलेली वस्तूही योगदानच ठरते, त्यामुळे चाके पाठवून हा प्रश्न टळत नाही. ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी या कायद्यात परकीय मानली जात नाही. असे सभासद आपल्याकडे पुरेसे आहेत. संगणक खोलीच्या वेळी खरेदी आधी झाली आणि कागद मागाहून आले, त्याचा त्रास मला वर्षभर झाला. या वेळी तसे होऊ देणार नाही.

---

प्रेषक: मिरजेच्या माई

वहिनी, पट्ट्यांची सूचना अगदी योग्य आहे. स्लॅब रोलरची गरज उरत नाही. फक्त एक जोड देते: पोळी एकाच दिशेने लाटली तर वाळताना ती वाकते, म्हणून दर दोन-तीन वेळा लाटल्यावर कापडासकट उचलून फिरवावी आणि शेवटी दोन्ही बाजूंनी गुळगुळीत पट्टीने दाबून घ्यावी.

अण्णा, पायाच्या चाकाबद्दल आदराने असहमती नोंदवते. जड गतिचक्राला वेग द्यायला सहावीच्या मुलांचे पाय नीट पोहोचत नाहीत, आणि लाथ मारताना सगळे अंग हलते, त्यामुळे हात स्थिर राहत नाहीत. मोठ्यांना ते जमते. एक चाक घ्यायचेच तर भारतात बनलेले, पायाच्या पेडलने वेग बदलणारे आणि दोन्ही दिशांना फिरणारे विजेचे घ्यावे, म्हणजे डावखुऱ्या मुलांचीही सोय होईल. दुरुस्ती तेथेच होईल. अर्थिंगबद्दल आपण लिहिले ते शब्दशः मान्य.

पगमिलचा (माती मळणाऱ्या यंत्राचा) विषय कोणी काढण्याआधीच सांगते की ती नको. ती महाग आहे आणि फिरणाऱ्या पात्यांचे यंत्र मुलांच्या खोलीत मला नको आहे. उरलेली माती पूर्ण वाळू द्यावी, पाण्यात भिजत घालावी (अर्धवट ओल्या मातीपेक्षा कोरडी माती लवकर विरघळते), आणि तिचा चिखल प्लास्टरच्या लादीवर पसरावा. लादीच्या कडा फुटू देऊ नयेत, कारण प्लास्टरचा बारीक तुकडा मातीत गेला तर भाजल्यानंतर त्या जागी भांड्याचा टवका उडतो. खोली झाडूने कोरडी झाडू नये. मातीच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात जाते, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसावी.

आणि मुख्य गोष्ट अशी की शिल्लक रकमेचा मोठा भाग गावातील कुंभारांच्या मानधनासाठी राखावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे आणि तेथे सुतार, माळी यांच्याबरोबर कुंभारांचाही उल्लेख आहे. मुख्याध्यापकांना वेळापत्रकात जागा शोधण्याची अडचण त्यामुळे येणार नाही.

---

प्रेषक: पलूसचे दादा

सध्या मी गावी आहे, म्हणून प्रत्यक्ष पाहून लिहितो.

काल कुंभारवाड्यात गेलो होतो. तेथील कुंभारकाकांनी दांड्याने चाक फिरवले, मातीचा एकच मोठा ढीग वर चढवला आणि त्याच्या शेंड्यावरून एकामागून एक सुगडी उतरवून दोऱ्याने कापली. एकदा फिरवलेले चाक सहा-सात सुगडी होईपर्यंत चालले. नंतर त्यांनी अर्धवट वाळलेला माठ मांडीवर घेतला, आतून दगडी गोटा धरला आणि बाहेरून लाकडी चोपण्याने ठोकत त्याचे जाड बूड गोल आणि पातळ केले. माठाचा आवाज ठोकता ठोकता बदलत गेला, आणि कुठे थांबायचे हे काका त्या आवाजावरून ओळखत होते. चोपणे आणि गोटा यांचे दहा-बारा जोड शाळेसाठी करून देण्यास ते तयार आहेत. ही साधने आपल्या यादीत कोणीच लिहिली नव्हती.

मातीबद्दलही त्यांनी बजावले. शाळेमागची काळी माती नुसती वापरली तर वाळताना तडकते. ते स्वतः तळ्यातला गाळ चाळून त्यात राख आणि लीद मिसळतात. मुलांसाठी लीद न घालता चाळलेली राख घालून माती तयार करून देतो, असे ते म्हणाले. भाजणी पहिल्या वर्षी त्यांच्याच आव्यात होईल.

खोलीत नळ आहे, पण फरशी एका कोपऱ्यात खचली आहे. चाक तेथे डगमगेल, म्हणून ते खिडकीकडे घ्यावे लागेल. अर्थिंग नाही. अण्णा, वायरमन उद्या येतो आहे, त्याला काय सांगायचे ते आज रात्रीपर्यंत कळवा. चिटणीससाहेब, तेथील शाळेला आभार मानून नकार कळवावा, कंटेनरमध्ये आणखी पुस्तके घालता येतील. वहिनी, पट्टीची जाडी मी आठ मिलिमीटर धरली आहे आणि दोन मुलांत एक याप्रमाणे सुताराला २१ जोड सांगितले आहेत. बदल हवा असल्यास तो लाकूड कापण्याआधी, म्हणजे सोमवारी सकाळी दहापर्यंत सांगावा.