८० च्या स्पीडला गाडी मध्येच ढिली पडते, फ्युएल पंप बदलू का?

चेंबूरकर:
नमस्कार. माझी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलंय. ईस्टर्न फ्रीवेवर ७०-८० ला पाय एका जागी धरला तरी गाडी क्षणभर ओढते, मग ढिली पडते, परत ओढते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मस्त पळते. सिग्नलला आयडलिंग जरा चढं वाटतं. चेक इंजिनचा दिवा नाही. गॅरेजवाले म्हणतात पंप गेला. बाबांना उपचारांसाठी परळला न्यावं लागतं, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

मुलुंडवाला:
पंपच असणार. सीएनजीवाले पेट्रोल कायम रिझर्व्हला ठेवतात. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहतो.

कुर्ल्याचा मिस्त्री:
टाकी रिकामी ठेवू नये, हे शंभर टक्के खरं. पण पंप कमजोर झाला की गाडी मार खाते ती चढाला आणि ओव्हरटेकला, म्हणजे जिथे पेट्रोल जास्त लागतं तिथे. यांची गाडी नेमकी तेव्हाच चांगली पळतेय. माझ्याकडे अशा गाड्या नवा पंप टाकून येतात आणि रोग तसाच असतो. गिऱ्हाइकाचे पैसे असे गेलेले बघवत नाहीत.
चेंबूरकर, हे सीएनजीवर होतं, पेट्रोलवर, की दोन्हीवर?

चेंबूरकर:
दोन्हीवर. पेट्रोलवर जरा कमी.

कुर्ल्याचा मिस्त्री:
मग पंपाला हात लावू नका. गॅस सिलिंडरमधून येतो, पेट्रोलच्या पंपाचा त्यात संबंध काय? दोन्हीकडे सामाईक म्हणजे हवा आणि स्पार्क.
हलक्या पायावर थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जेमतेम उघडा असतो, मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्युम जोरात ओढतो. केसाएवढी चीर असली तरी बाहेरची हवा आत घुसते आणि मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. पाय दाबला की व्हॅक्युम उतरतो, मग चीर असून नसल्यासारखी. चढं आयडलिंगही तेच सांगतंय.
किट बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला गॅसचं नोझल लावतात. त्यावरची रबरी नळी उष्णतेने कडक होते आणि क्लिपपाशी तडकते. वरून धडधाकट दिसते, इंजिन गार असताना बोटाने वाकवा, मग चीर उघडते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. आयडलला +१५ च्या पुढे आणि २५०० आरपीएमला शून्याकडे आला, तर हवाच. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून चीर शोधू नका, पेट घेईल. स्मोक टेस्ट करून घ्या, आत धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर येतो तिथे चीर. नळी गॅसची आहे, किट फिटरकडूनच बदला.
नळ्या ठीक निघाल्या तर स्पार्क देणारे प्लग आणि कॉइल बघा. सीएनजी पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग गॅसवर आधी त्रास देतो.

चेंबूरकर:
मिस्त्री, मनापासून आभार. आयडलला ट्रिम +१७, रेस दिल्यावर +४. धूर तिसऱ्या नोझलच्या नळीतून आला, क्लिपच्या अगदी खालून. चारही नळ्या बदलायला सांगितल्यात, प्लगही काढून बघतायत. पंपाची ऑर्डर रद्द केली.