ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधे प्लॉटचा शेवटचा कोपरा जुळंना गेलाय, कोणती लाईन चुकायली?

औसारोड_०७
नमस्कार मंडळी. डिप्लोमा सिव्हिल झालंय, दोन महिन्यापासून लातूरला एका इंजिनिअरच्या ऑफिसात बसायलोय. सरांनी अहमदपूरकडचा एक प्लॉट ड्रॉ करायला दिलाय. खरेदीखतात ३० बाय ४० आहे पण आम्ही जाऊन टेप लावला तर समोरची बाजू ३०', उजवी ४०', मागची २९'७" अन डावी ४०'२" आली. आधी मी आपलं माऊसनं अंदाजे क्लिक करत काढलं तर हॅच (बंद चौकटीच्या आतली भरण) भरेचना, झूम केलं तर सगळे कोपरे उघडे. मग एफ८ दाबून ऑर्थो लावला (म्हणजे लाईन फक्त आडवी नायतर उभीच जाते) अन समोरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक माप टाईप करत गेलो, तर शेवटची लाईन सुरुवातीच्या पॉइंटला येतच नाही, त्याच्या ५ इंच उजवीकडं अन २ इंच खाली जाऊन थांबायली. तीनदा पुसून काढलं, तीनदा तेच. सी दाबून क्लोज केलं तर लाईन तिरकी झाली अन ४०'२" च्या जागी ४०' दाखवायली. सर म्हणले आधी लाईन काढायला शिक. उद्या द्यायचंय, कुणीतरी सांगा काय चुकायलंय.

परभणीकर_बिल्डकॉन
एवढं काय डोकं लावायलास, स्ट्रेच करून जोडून टाक ना. ५ इंच कोण बघतंय.

जुना_ड्राफ्ट्समन
वरच्या भाऊचं ऐकू नको. मी संभाजीनगरचा, १९९८ ला ऑटोकॅडच्या जुन्या आर १४ व्हर्जनवर हात बसवला, वाळूजला बरीच वर्षं मशीन ड्रॉइंग केले, तिथं एक मिलिमीटर म्हणजे पार्ट भंगारात. तुझी ऑर्थोवाली पद्धत बरोबर आहे, मापं टाईपच करायची, डोळ्यावर भरोसा ठेवायचा नाही. ३० फुटात १ इंच लाईन उतरली तर कोन फक्त ०.१६ डिग्री होतो, स्क्रीनवर कळणारच नाही. अन गंमत अशी की लिस्ट (लाईनीची माहिती दाखवणारी कमांड) मारलं तरी ते अँगल ० दाखवतं, कारण युनिट्समधे अँगलची प्रिसिजन मुळात शून्य असते, ती आधी दोन-तीन घरं कर मग बघ कशा कशा लाईनी वाकड्या निघतात ते. डायमेन्शन स्टाईलची प्रिसिजन वेगळी असते, ती पण बघ, इंचाला राऊंड ठेवली असली तर चुका झाकल्या जातात.

कोपरे उघडे राहतात ते ओस्नॅपमुळं, म्हणजे कर्सरला लाईनीच्या ठराविक पॉइंटला चिकटवणारी सोय. एफ३ चालू आहे का बघ, अन त्याच्यात निअरेस्टची टिक असली तर काढ, ते लाईनवर कुठंबी चिकटतं अन आपल्याला वाटतं एंडपॉइंट धरला. एंडपॉइंट, मिडपॉइंट, इंटरसेक्शन, पर्पेंडिक्युलर एवढे पुरे. उघडा कोपरा जोडायला फिलेट कमांड घ्यायची अन शिफ्ट धरून दोन्ही लाईनी क्लिक करायच्या, रेडियस शून्य धरतं, कोपरा टोकाला टोक बसतो. आर्किटेक्चरल युनिटला फुटाची खूण विसरू नको, नुसतं ३० टाकलं की ३० इंच होतात, हे माझं स्वतःचं कितीदा झालंय सांगत नाही.

टेपवाला_नांदेड
ड्राफ्ट्समन काकांचं सगळं खरं आहे पण या पोराची लाईन चुकलेलीच नाही. मापं बघा की. ३०' वजा २९'७" किती, ५ इंच. ४०'२" वजा ४०' किती, २ इंच. तेवढाच फरक कॅड दाखवायलंय. प्लॉट गुण्यात नाही भाऊ, अन तू ऑर्थो लावून त्याला जबरदस्ती काटकोनात बसवायलास, कसा बसंल?

नुसत्या चार बाजूंवर प्लॉट निघतच नाही, चार पट्ट्या खिळ्यानं जोडल्या तर चौकट कशीबी लवते ना तसं. एक कर्ण पाहिजेच. गवंडी पाया आखताना ३-४-५ का धरतो मग? खरा ३० बाय ४० असता तर कर्ण बरोब्बर ५० फूट यायला पाहिजे. जाऊन समोरच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत टेप लाव, ताणून धरायचा, झोल नको. जमलं तर दुसरा कर्ण पण घे, तो काढायला लागत नाही पण तपासायला लागतो.

मग ऑर्थो बंद. समोरची ३०' ची लाईन काढ. डाव्या टोकावर कर्णाएवढ्या रेडियसचं सर्कल, उजव्या टोकावर ४०' चं, ते दोन्ही जिथं कापतील तो मागचा उजवा कोपरा. तिथून २९'७" चं सर्कल अन डाव्या टोकावरून ४०'२" चं, हा चौथा कोपरा. इंटरसेक्शन ओस्नॅपनं पॉलिलाईन (चारी बाजू मिळून एकच लाईन) फिरव, सी दाब, सर्कलं पुसून टाक.

औसारोड_०७
सकाळी ऊन व्हायच्या आत गाडीवर जाऊन आलो, शेजारच्या किराणावाल्याला टेप धरायला लावला. कर्ण ५०'७" आला म्हणजे ७ इंच जास्त! तुम्ही सांगितल्यासारखं सर्कल टाकून काढलं, पहिल्याच वेळेस बंद झालं, हॅच पण भरलं. मागचा उजवा कोपरा जवळपास एक फूट बाहेर सरकलाय. दुसरा कर्ण ड्रॉइंगमधे ४९'-३ १/२" यायलाय अन टेपनं ४९'४" होता. एरिया ११९३.७ चौ. फूट दाखवायलंय, खतात १२०० आहे.

टेपवाला_नांदेड
अर्धा इंच म्हणजे टेपची ढील, चालतंय. मार्जिन (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) आता या खऱ्या लाईनीपासून ऑफसेट कर, म्हणजे तेवढ्या अंतरावर समांतर लाईन काढ, ३० बाय ४० च्या चौकोनापासून नाही, नायतर मागं भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत जाईल.

परभणीकर_बिल्डकॉन
बरं बाबा, स्ट्रेच नाही करणार 😄

औसारोड_०७
सरांना दाखवलं. लाईनीबद्दल काहीच बोलले नाहीत, दोन्ही कर्ण स्वतः चेक केले अन प्लॉटमालकाला फोन लावला.