प्रतिसाद: संघटना म्हणजे नुसती वर्गणी नव्हे

‘अमेरिकेत सगळं सरकारच बघतं, स्कायडायव्हिंगची संघटना म्हणजे नुसती वर्गणी’ हे वरचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. सरकारी विमानवाहतूक खातं, म्हणजे एफएए, विमान, वैमानिक, हवाई हद्द आणि पॅराशूटची घडी एवढंच बघतं. रिझर्व्ह (म्हणजे मुख्य पॅराशूट बिघडलं तर वापरायचं राखीव) पॅराशूट परवानाधारक रिगरने, म्हणजे पॅराशूट बांधणाऱ्या तंत्रज्ञानेच बांधायचं आणि उडी मारताना त्या बांधणीला १८० दिवसांपेक्षा जास्त झालेले नसावेत, हा कायदा. मी तिथे शिकत होते तेव्हा रिझर्व्हच्या पिनेवर रिगरचा लाल दोरा आणि शिशाचं सील शाबूत आहे का, हे बघितल्याशिवाय प्रशिक्षक विमानाकडे सोडत नसत.

पण एकट्याने उडी मारणाऱ्याकडे परवाना हवा असं एफएए म्हणतच नाही! सगळ्यात खालच्या ‘ए’ परवान्याला किमान २५ उड्या, सगळ्यात वरच्या ‘डी’ला ५००, नवशिक्यांसाठी वाऱ्याची मर्यादा, पॅराशूट किती उंचीवर उघडायचं, हे सगळं यूएसपीए (युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन) ही संघटना ठरवते. २०१३ मध्ये अनुभवी लोकांसाठीची उघडण्याची किमान उंची तिनेच २,००० वरून २,५०० फुटांवर नेली. बहुतेक ड्रॉपझोन, म्हणजे उड्या मारायची केंद्रं, तिचे सभासद असतात आणि हे नियम पाळायची हमी देतात. जो सभासद नाही, त्याच्यावर मात्र तिचा काहीच अंकुश चालत नाही. म्हणून तिकडे जाऊन उडी मारणार असाल, तर पैसे भरण्याआधी ड्रॉपझोन सभासद आहे का, हे जरूर विचारा.