लोखंडी सुरीला हाताने धार: दगडावरचा आवाज मध्येच का बदलतो?

हर्णैचा_वारा
सुरी लोखंडी आहे, स्टेनलेस नव्हे. पातं 18 सेंमी लांब, पाठीपासून धारेपर्यंत 4 सेंमी रुंद. दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच, कार्बोरंडमचा, एक बाजू जाड आणि एक बारीक. पहिले चार-पाच हात छान सर्र-सर्र असा एकसुरी आवाज येतो, ऐकत बसावं असा. मग दगडाच्या मध्यावर तो बसका होतो आणि पात्याच्या टोकाकडे जवळजवळ बंदच पडतो. मुठीजवळच्या भागाने कांदा सपासप चिरला जातो, टोमॅटोच्या सालीवर मात्र पुढचा भाग नुसता घसरतो. दगडावर खोबरेल घालावं की पाणी? आणि याच दगडाने विळीला धार लावता येईल का?

मु_पो_देवगड
आवाज दोन ठिकाणी बदलतोय, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

मध्यावर बसका होतो म्हणजे दगड तिथे खोलगट झालाय. स्टीलची पट्टी दगडावर उभी ठेवून उजेडाकडे धरा, मध्ये फट दिसेल. खोलगट दगडावर कोन दर हाताला बदलतो, तुम्ही मनगट कितीही घट्ट धरा. उपाय सोपा: सपाट कडप्प्यावर 120 नंबरचा पॉलिश पेपर, वर भरपूर पाणी. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासा. पुळणीतली वाळू घेऊ नका, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे असतात आणि मीठ असतं ते वेगळंच.

टोकाकडे आवाज बंद होतो कारण तिथे पातं वळतं आणि तुमची मूठ होती त्याच उंचीवर राहते. धार दगडाला टेकतच नाही. वळण सुरू झालं की मूठ किंचित वर उचलायची, इतकीच की पुन्हा तोच सर्र आवाज यावा. खात्री करायची असेल तर धारेच्या कडेला काळं मार्कर फासा आणि दोन हात मारून बघा. शाई जिथे राहिली तिथे दगड लागलेला नाही.

कोन: 4 सेंमी रुंद पात्याची पाठ दगडापासून साडेतेरा मिमी वर ठेवलीत तर साधारण 20 अंश होतात, साडेदहा ठेवलीत तर 15. मासे आणि भाजी दोन्ही एकाच सुरीने करत असाल तर 20 बरे. 15 ची धार सुरमईच्या मणक्यावर लगेच दुमडते. करंगळीचं टोक पाठीखाली जेमतेम शिरावं, असा अंदाज ठेवा.

दाब किती हेही हाताला कळत नाही. वजनकाट्यावर दगड ठेवून काटा शून्यावर आणा आणि चार हात मारून बघा. सुरुवातीला किलो-सव्वा किलो पुरे, शेवटी 200 ग्रॅम. बहुतेक जण उलटं करतात, कंटाळा आला की जोर लावतात.

खवणी_आणि_नारळ
देवगडकरांनी सगळं सांगितलं पण तार राहिली, आणि टोमॅटोचा घोटाळा बहुधा तिच्यामुळेच आहे. एका बाजूने घासत गेलं की दुसऱ्या बाजूच्या कडेला केसाइतकी बारीक तार उभी राहते. अंगठा पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने फिरवला की खरखरते (धारेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवायचं नाही). ही तार मुठीपासून टोकापर्यंत सलग आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. ती अर्ध्यावर असताना बाजू बदलली की नेमकं तुमच्यासारखं होतं, मागे धार, पुढे बोथट.

दोन्ही बाजूंना तार येऊन गेली की मग एक हात इकडून, एक तिकडून, असे दहा-बारा हलके हात. इथे आवाज बारीक आणि स्वच्छ व्हायला हवा. मध्येच कर्र झालं तर तार तुटून दगडावर पडलीय, धुऊन टाका.

खोबरेल दगडावर नको. थंडीत सकाळी ते थिजतं, लोखंडाचा काळा कीस त्यात धरून राहतो, दगडाची छिद्रं बुजतात आणि मग सुरी काचेवरून फिरल्यासारखी गुळगुळीत घसरते. पाणी घाला, हवं तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. आधीच तेल पाजलं असेल तर गरम पाणी, साबण आणि ब्रशने दगड घासून काढा.

खोबरेल पात्याला लावा, ते मात्र रोज. खाऱ्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, न वापरलेली धारसुद्धा रात्रीत गंजून बसते. कैरी, कोकम चिरलंत तर ताबडतोब पुसा. पात्यावर येणारी काळसर-निळी झाक हा गंज नव्हे, ती घासून काढू नका.

आदाळो
विळीचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून. आमच्याकडे आदाळो, रत्नागिरीकडे मोरळी.

सुरी दगडावर न्यायची असते, इथे दगड पात्यावर न्यायचा. जुन्या दगडाचा बोटभर लांबीचा तुकडा पुरतो. विळीचा पाट पायाखाली घट्ट दाबा, तुकडा पाठीमागून धरा म्हणजे बोटं धारेच्या पुढे येणार नाहीत, आणि बुडापासून वर एकाच दिशेने ओढा. आवाजात खडखड आली तर दोष धारेचा नाही, घडीच्या विळीची खीळ ढिली झालीय. आधी ती ठोकून घ्या. वरच्या खवणीच्या दात्यांना हा दगड लावू नका, त्यांना बारीक तिकोनी कानस लागते.

पाट्याच्या कडेवर किंवा जांभ्यावर पातं घासणं सोडा. जांभा सच्छिद्र, कुठे मऊ कुठे कडक, धारेत चरे पाडतो. आणि पाट्यावर राहिलेला लोखंडाचा कीस वाटणात जातो.

चाकावर धार लावून घेतलीत तर नंतर कड उजेडात बघा. निळसर पट्टा दिसला तर तिथलं पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, उतरलंय. तेवढा भाग घासून जाईपर्यंत तिथे धार टिकायची नाही.

हर्णैचा_वारा
पट्टी लावली. मध्ये पोस्टकार्ड आरामात जाईल एवढी फट आहे. दगड सपाट करायला घेतो. बारीक बाजूनंतर 1000 नंबरचा, आणखी बारीक दगड घ्यावाच लागेल का?

खवणी_आणि_नारळ
मासे आणि कांद्याला नाही. लोणच्याची चिनी मातीची बरणी उलटी करा, बुडाशी झिलई नसलेलं खरखरीत कडं असतं. त्यावर त्याच कोनात दर बाजूला पाच-सहा हात, दाब जवळजवळ नाहीच. मग वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापा. सुर्र करून सलग गेला तर झालं. जिथे टक् करून अडेल, त्या जागेवर मार्करने खूण करा आणि तेवढाच भाग पुन्हा दगडावर घ्या.