काहीच दुखत नव्हतं: हृदयविकाराच्या धोक्याचे आपापले अनुभव

माझ्या थोरल्या भावाला ४९व्या वर्षी हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, घरी सुखरूप आला. त्याचे जुने रिपोर्ट शोधताना सहा वर्षांपूर्वीचा ऑफिसच्या तपासणीचा कागद हाती लागला. रक्तदाब १५६/९८, आणि खाली पेनाने लिहिलेलं, 'पुन्हा तपासा'. विचारलं तर म्हणाला, "अगं, मला काहीच होत नव्हतं ना."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर वर्षानुवर्षं रक्तवाहिन्या खराब करत राहतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असं पूर्वी डॉक्टरही मानत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांच्या तब्येतीची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, त्यातून ही समजूत मोडत गेली.

तुमच्या घरात असं काही उशिरा कळलं असेल, किंवा वेळेत कळून निभावलं असेल, तर लिहा. उपदेश नको, घडलं ते सांगा. गोळ्यांची नावं आणि डोस मात्र डॉक्टरांवर सोडू या.

* * *

माझ्या पहिल्या बाळंतपणात आठव्या महिन्यात बीपी चढलं, पाय सुजले, लघवीतून प्रथिनं जायला लागली. प्री-एक्लॅम्प्सिया. बाळ सुखरूप झालं, बीपी उतरलं, आणि आमच्या लेखी विषय संपला. पुढे १५ वर्षांत मला ते कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. बाळंतपणातली गोष्ट हृदयाच्या डॉक्टरला कशाला सांगायची?

४४व्या वर्षी जिना चढताना जबडा दुखायला लागला. खाली बसलं की थांबायचा. मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले! त्यांनी दात बघितले, आणि "चढतानाच दुखतं का?" एवढं विचारून मला थेट हृदयतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. एका धमनीत मोठा अडथळा निघाला. प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बायांनो, ती जुनी फाइल टाकू नका, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

* * *

ताई, तुमचं वाचून लिहायचं धाडस झालं. मी सडपातळ, रोज पळणारा. ३६व्या वर्षी विम्यासाठी तपासणी केली तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २४८. लॅबची चूक असणार म्हणून दुसरीकडे तपासलं, तिथेही तेच. डॉक्टरांनी बूट-मोजे काढायला लावले आणि टाचेमागचा स्नायुबंध दोन बोटांत धरून बघितला. तो जाड, गाठाळ होता. मी इतकी वर्षं पळण्याने झालं असेल असं समजत होतो. तिथे कोलेस्टेरॉल साचलं होतं.

वडील ४१व्या वर्षी गेले. आम्ही सगळे "ताण फार घ्यायचे" म्हणायचो. आता वाटतं, हा आनुवंशिक दोष त्यांच्याकडूनच आला. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. माझ्या दोघांपैकी मुलीला निघाला. नऊ वर्षांची आहे. ज्या दिवशी तिचा रिपोर्ट आला त्या रात्री मी झोपलो नाही. पण तिला नवव्या वर्षीच कळलं. माझ्या वडिलांना कधीच कळलं नव्हतं.

* * *

दिवसाला बारा सिगारेटी होत्या, त्या तीनवर आणल्या आणि जिंकलो असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसासाठी हे बरं, पण हृदयाचा हिशेब असा चालत नाही. दिवसाला एकच ओढली तरी वीस ओढणाऱ्याला जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका उरतोच. पूर्ण सोडली तेव्हा पहिले दोन महिने हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जायचा. खिशात पेन ठेवायला लागलो. वर्षभरात जादा धोका निम्म्यावर येतो म्हणतात. माझं दीड वर्ष झालं.

* * *

आमच्या ह्यांचं बीपी तीन गोळ्यांनीही उतरेना. मी सहज बोलून गेले, "झोपेत घोरता घोरता श्वासच थांबतो हो ह्यांचा." डॉक्टरांनी लगेच झोपेची तपासणी सांगितली. स्लीप ॲप्निया. आता रात्री मशीन लावून झोपतात, बीपी हळूहळू आटोक्यात येतंय.

* * *

आईला मधुमेह. तिच्या छातीत कधी दुखलंच नाही. नुसता घाम आला आणि दोन दिवस थकवा. नंतर ईसीजीत कळलं की अटॅक येऊन गेलाय. जुन्या मधुमेहात नसा बधिरतात, वेदना पोचतच नाही.

* * *

सगळ्यांचं वाचलं. ज्यांच्या घरी बीपीचं मशीन आहे त्यांच्यासाठी: आधी पाच मिनिटं टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडाला, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, आणि मोजताना बोलू नका. भाऊ टीव्ही बघत, गप्पा मारत मोजायचा आणि रोज वेगळाच आकडा सांगायचा.

काल त्याचा फोन आला, १२६/७८. मग विचारलं, "तुझं किती?" मी मोजलंच नव्हतं. सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत अटॅक आला म्हणजे माझाही धोका वाढला, हे माहीत असून. आज सकाळी मोजलं: १४६/९२. थोड्या वेळाने पुन्हा, १४४/९०. आठवडाभर दोन्ही वेळचं वहीत लिहिणार आहे आणि सोमवारी वही घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे.