मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरचा (सगळ्या मशिनी एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) क्लायंट, म्हणजे दर मशीनवरचा भाग, बसतो, पण शाखांमधल्या मशिनींना साइट कोड मिळत नाही. इन्स्टॉल सेटिंग नक्की कुठे द्यायची?

नागपूर_सिस्टम४४० (प्रश्न)

मुख्य कचेरी सिव्हिल लाइन्सला, शाखा वर्धा, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरला. साधारण ४०० विंडोज मशिनी, एकच प्रायमरी साइट (मशिनी सांभाळणारा सर्व्हरचा विभाग), तिची खूण म्हणजे साइट कोड एनजीपी. सगळ्या मशिनी डोमेनमध्ये आहेत. क्लायंट ग्रुप पॉलिसीच्या (डोमेनमधल्या मशिनींना एकदम लागू होणाऱ्या सेटिंग्ज) स्टार्टअप स्क्रिप्टने बसवतोय. ओळ अशी आहे (इथे देवनागरीत लिहितोय, स्क्रिप्टमध्ये अर्थातच इंग्रजीत आहे):

सीसीएमसेटअप.ईएक्सई एसएमएससाइटकोड=ऑटो /एमपी:सर्व्हरचं नाव

नागपुरात सगळं सुरळीत. अडचणी तीन:

१. गोंदिया आणि भंडाऱ्यात क्लायंट बसतो, कंट्रोल पॅनेलमध्ये आयकॉनही दिसतो, पण साइट कोडची जागा रिकामी.
२. चंद्रपूरच्या काही मशिनींवर काहीच होत नाही. तिथे कन्सोलमधून क्लायंट पुश करून (सर्व्हरवरून थेट मशीनवर ढकलून) पाहिलं, तेही फसतं.
३. वर्ध्याच्या १२ नव्या मशिनी कन्सोलमध्ये १२ दिसतच नाहीत. दोनतीनच नोंदी आहेत आणि त्यांचं नाव दर थोड्या वेळाने बदलतं.

/एमपी दिलेला असताना साइट का सापडत नाही, हे कळेना. सेटिंग स्क्रिप्टमध्ये द्यावी, ग्रुप पॉलिसीच्या टेम्प्लेटमध्ये द्यावी की अॅक्टिव्ह डिरेक्टरीवर (डोमेनची मध्यवर्ती नोंदवही) सोडावी?

बुटीबोरी_डेस्कटॉप

भाऊ, पहिल्या अडचणीचं मूळ /एमपीच्या गैरसमजात आहे. बहुतेकांचा होतो, कारण नावच तसं आहे. /एमपी फक्त एवढंच सांगतो की सीसीएमसेटअपने इन्स्टॉलच्या फायली कुठून मिळतील हे कोणत्या मॅनेजमेंट पॉइंटला (क्लायंटशी बोलणारा सर्व्हर) विचारायचं. क्लायंट बसल्यावर तो कोणाशी बोलणार, कोणत्या साइटचा होणार, याच्याशी /एमपीचा संबंध नाही. सुरुवातीचा मॅनेजमेंट पॉइंट द्यायचा असेल तर एसएमएसएमपी ही वेगळी प्रॉपर्टी आहे. साइटसाठी एसएमएससाइटकोड.

आता ओळीची रचना. तिरक्या रेघेने सुरू होणारे पॅरामीटर सीसीएमसेटअपचे. रेघ नसलेल्या, बरोबरच्या चिन्हाने लिहिलेल्या प्रॉपर्टी क्लायंट.एमएसआयच्या (प्रत्यक्ष क्लायंट बसवणारी फाइल). पॅरामीटर आधी आणि प्रॉपर्टी नंतर, हा क्रम पाळायचाच. तुमचा उलटा आहे.

आणि साइट एकच असताना ऑटो काहून? ऑटो दिलं की क्लायंट आपला आयपी पत्ता बाउंडरीशी (साइटमध्ये नोंदवलेली पत्त्यांची हद्द) जुळवून पाहतो. पत्ता कोणत्याच बाउंडरीत बसला नाही, किंवा बसला पण त्या बाउंडरी ग्रुपमध्ये साइट असाइनमेंटची खूण केलेली नाही, तर क्लायंट बसलेला राहतो पण कोणाचाच नसतो. गोंदियात नेमकं हेच दिसतंय. सरळ एसएमएससाइटकोड=एनजीपी द्या. हायरार्की (सगळ्या साइटची मिळून मांडणी) सेटिंग्जमध्ये फॉलबॅक साइट, म्हणजे दुसरी जुळली नाही तर मिळणारी, ठरवायची सोय आहे, तीही चालू करून ठेवा.

मात्र साइट कोड हाताने दिला म्हणून बाउंडरीपासून सुटका नाही. फायली जवळच्या डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवरून (फायली वाटणारा सर्व्हर) याव्यात यासाठी बाउंडरी ग्रुप लागतोच. गोंदिया, भंडाऱ्याचे आयपी रेंज प्रत्यक्ष डीएचसीपी स्कोपवरून (मशिनींना आयपी वाटणाऱ्या सेवेची रेंज) बघून भरा, जुन्या एक्सेलवरून नको. दोन ग्रुपचे रेंज एकमेकांत घुसले आणि दोन्ही असाइनमेंटला लावलेले असले, तर एकाहून जास्त साइट असताना कोणती मिळेल याचा भरवसा राहत नाही. तुमची साइट एकच, म्हणून तूर्तास निभावेल.

नागपूर_सिस्टम४४०

क्रम बदलला, कोड थेट दिला. भंडाऱ्याच्या मशिनींवर साइट आली, धन्यवाद. गोंदियाच्या काही मशिनींवर अजून नाही. चंद्रपूरला तर सीसीएमसेटअपचा लॉगच सापडत नाही. आणि टेम्प्लेटचं काय करू?

सीताबर्डी_लॉगवाला

लॉग नाही हीच सगळ्यात कामाची माहिती आहे. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये सीसीएमसेटअप आणि त्यात लॉग्ज, इथे काहीच नसेल तर सीसीएमसेटअप सुरूच झालेला नाही. मग त्याच्या सेटिंगमध्ये दोष शोधणं म्हणजे वेळेची नासाडी. त्याच्या अलीकडे शोधा.

स्टार्टअप स्क्रिप्टसाठी: ती सिस्टम खात्याने चालते, युजरच्या नावाने नाही. मॅप केलेलं ड्राइव्हचं अक्षर तिथे नसतंच, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये एस: किंवा झेड: असेल तर ती गप्प मरते. सर्व्हरच्या नावाने पूर्ण पाथ द्या. शेअरवर आणि एनटीएफएसवर (डिस्कवरच्या फोल्डरच्या परवानग्या), दोन्हीकडे, डोमेन कॉम्प्युटर्सना वाचण्याची परवानगी हवी. पुष्कळ ठिकाणी फक्त डोमेन युजर्सना दिलेली असते. मग हाताने चालवून पाहिलं की सगळं ठीक आणि बूटला काहीच नाही, असा घोळ होतो.

पुशसाठी लॉग साइट सर्व्हरवर बघायचा, सीसीएम.लॉग. सर्व्हर आधी मशीनच्या अॅडमिन$ शेअरवर फायली ठेवतो आणि मग सेवा सुरू करतो. 'अॅक्सेस डिनाइड', कोड ५, आला तर पुशचं खातं त्या मशीनवर लोकल अॅडमिन नाही. कोड ५३ आला तर नाव सापडत नाही किंवा ४४५ पोर्ट बंद आहे. 'आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल' आलं तर १३५ किंवा त्यापुढचे डायनॅमिक पोर्ट, ४९१५२ ते ६५५३५, अडवलेले असतात. विंडोज फायरवॉलमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंग आणि डब्ल्यूएमआय हे दोन्ही अपवाद लागतात. पुश फसला तर सर्व्हर दर तासाला, ७ दिवसांपर्यंत, पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून लॉगमध्ये त्याच मशीनच्या ओळी परत परत दिसल्या तर घाबरू नका.

पुशसाठी डोमेन अॅडमिनचं खातं वापरू नका, हे वेगळं सांगतो. दर मशीनवर ते खातं जाऊन लॉगऑन होतं. एक मशीन फुटली की अख्खं डोमेन गेलं. वेगळं खातं, फक्त डेस्कटॉपवर लोकल अॅडमिन, आणि एनटीएलएमवर (जुनी, कमी सुरक्षित लॉगऑन पद्धत) घसरण्याची परवानगी बंद.

गोंदियाच्या उरलेल्या मशिनींचं घड्याळ बघा. जुन्या मशिनींत बोर्डावरचा सीआर २०३२ सेल मेलेला असतो, लाइट गेली की तारीख मागे. केर्बेरॉस (डोमेनची ओळख तपासणारी पद्धत) डीफॉल्टने ५ मिनिटांच्या वर फरक चालवून घेत नाही. शिवाय क्लायंटच्या सर्टिफिकेटची सुरुवातीची तारीखही चुकीची पडते. साइट मिळाली की नाही हे क्लायंटलोकेशन.लॉगमध्ये, मॅनेजमेंट पॉइंट शोधण्याची धडपड लोकेशनसर्व्हिसेस.लॉगमध्ये आणि नोंदणी क्लायंटआयडीमॅनेजरस्टार्टअप.लॉगमध्ये. या तीन फायली याच क्रमाने वाचा. लॉग वाचायचा सीएमट्रेस क्लायंटच्या सीसीएम फोल्डरमध्येच असतो, वेगळा न्यायची गरज नाही.

टेम्प्लेटबद्दल: सीसीएमसेटअप कोणत्याही पॅरामीटरशिवाय चालवला तर तो ग्रुप पॉलिसीने रजिस्ट्रीत टाकलेली ओळ किंवा अॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रसिद्ध केलेल्या प्रॉपर्टी उचलतो. डिरेक्टरीतून उचलायचं तर तिचा स्कीमा (आराखडा) वाढवलेला असावा लागतो. सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन पॉलिसीने सीसीएमसेटअप.एमएसआय देणाऱ्यांना टेम्प्लेट बरा. तुमची स्क्रिप्ट आहे, तर सगळं स्क्रिप्टमध्येच ठेवा. दोन ठिकाणी दोन किमती ठेवल्या की सहा महिन्यांनी कोणती लागू आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

बुटीबोरी_डेस्कटॉप

त्या स्क्रिप्टमध्ये /लॉगऑन पण टाका. क्लायंट आधीच असेल तर सीसीएमसेटअप तिथेच थांबतो, नाहीतर दर बूटला पुन्हा खटाटोप. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: क्लायंट मोडकळलेला असेल तरी तो 'आहे' म्हणून सोडून देईल. अशा मशिनींवर /फोर्सइन्स्टॉल हाताने.

गोंदियाची लाइन बारीक असेल तर /सोर्सने नागपूरच्या शेअरवरून ओढू नका. ते एसएमबीने (साध्या फाइल शेअरिंगने) जातं, लाइन सगळी खाऊन टाकतं आणि तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवरून बिट्सने (विंडोजची मागे चालणारी डाउनलोड सेवा) आलं तर तुटल्या जागेवरून पुढे चालतं, आणि /बिट्सप्रायॉरिटी:लो देता येतं. डाउनलोडचा वेळ डीफॉल्टने १४४० मिनिटे, म्हणजे पूर्ण एक दिवस. संध्याकाळी मशिनी बंद होत असतील तर /डाउनलोडटाइमआउट वाढवा.

लॉगच्या शेवटी 'एक्झिटिंग विथ रिटर्न कोड' येतं. ० म्हणजे झालं. ७ म्हणजे रीस्टार्ट हवा. अलीकडच्या क्लायंटला डॉट नेट ४.६.२ लागतं, ते नव्याने बसलं की हा हमखास. ८ म्हणजे दुसरा सेटअप आधीच चालू आहे, तिथे पुन्हा चालवायची घाई नको.

हिंगणा_इमेजिंग

वर्ध्याच्या १२ मशिनींचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. त्या एकाच इमेजवरून (तयार मशीनच्या डिस्कची नक्कल) आल्या आहेत आणि इमेज घेताना क्लायंट त्यात बसलेला होता. सगळ्यांची ओळख एकच, म्हणून जी शेवटची बोलते तिचं नाव कन्सोलमध्ये.

प्रत्येक मशीनवर: क्लायंटची सीसीएमएक्झेक सेवा थांबवा, विंडोज फोल्डरमधली एसएमएससीएफजी.आयएनआय काढा, लोकल कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटमध्ये 'एसएमएस' नावाच्या कप्प्यातली सर्टिफिकेट काढा, सेवा चालू करा. फक्त आयएनआय काढून सर्टिफिकेट ठेवलं तर उपयोग नाही. नोंदणीच्या लॉगमध्ये नवी ओळख मिळाल्याचं दिसलं की कन्सोलमधल्या जुन्या नोंदी पुसा. पुढच्या इमेजसाठी हेच सिसप्रेपच्या (इमेज वाटपासाठी तयार करणारं विंडोजचं साधन) आधी करा आणि नंतर सेवा चालू करू नका. रीसेटकीइन्फॉर्मेशन=ट्रू याचा इथे काही संबंध नाही, ते दुसऱ्या हायरार्कीतून आलेल्या मशिनींसाठी.

मशिनी असेंबल केलेल्या असतील तर बायोसमधला एसएमबायोस क्रमांकही बघून घ्या. स्वस्त बोर्डांवर तो सगळ्यांचा सारखा निघतो. तसा निघाला तर हायरार्की सेटिंग्जमधल्या डुप्लिकेट हार्डवेअर आयडेंटिफायरच्या यादीत तो टाकावा लागेल.

नागपूर_सिस्टम४४०

वर्ध्याला एका मशीनवर केलं, लगेच वेगळी नोंद आली. बाकीच्यांना उद्या. चंद्रपूरला शेअरवर डोमेन युजर्सच होते. शेवटचं एक: १२८ जीबीच्या एसएसडीवर कॅशे (क्लायंटची उतरवलेली पॅकेजेस ठेवायची जागा) वाढवायचा आहे, एसएमएसकॅशेसाइझ ओळीत देऊ का?

सीताबर्डी_लॉगवाला

नको. डीफॉल्ट ५१२० एमबी आहे. क्लायंट सेटिंग्जमध्ये कॅशेचा आकार ठरवायचं चालू केलं की ती किंमत चालते, ओळीतली मागे पडते. तिथे एमबी आणि टक्के दोन्ही भरता येतात, जे कमी भरेल ते लागू. एसएसडीवाल्यांचं वेगळं कलेक्शन (मशिनींचा गट) करा, त्याला १०२४० एमबी आणि १० टक्के द्या. एखादं पॅकेज कॅशेपेक्षा मोठं असेल तर ते उतरणारच नाही, म्हणून आधी तुमचं सगळ्यात जाड पॅकेज किती आहे ते बघून आकडा ठरवा. ऑफिसचं आहे का त्यात?