घरच्या मिगला मिक्स गॅस कशाला? साधा सीओटू पुरे झाला

रविवारचा_वेल्डर
ओळखीतल्या एका पोरानं १६० अँपिअरचं छोटं मिग (गॅसच्या आवरणात वायर वितळवून जोडणारं वेल्डिंग मशीन) घेतलं आणि तेव्हापासून जो भेटेल तो त्याला सांगतोय, आर्गन मिक्सच (आर्गनमध्ये थोडा सीओटू) घे, नुसत्या सीओटूवर काम म्हणजे नुसती घाण. मी त्याला उलट सांगितलं. गॅस कुठला हे नंतर बघ, आधी सिलिंडर बघ, कारण घरी आपण आठवड्यातून एकदा दोन तास काम करणार आणि उरलेले दिवस ते सिलिंडर कोपऱ्यात उभं. सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, एका किलोचा साधारण ५०० लिटरच्या वर गॅस होतो. म्हणजे ५ किलोचं सिलिंडर, जे एका हातानं उचलून गाडीत टाकता येतं, त्यात अडीच हजार लिटरच्या वर माल आहे. मिनिटाला १० लिटरनं धरलं तरी चार तासांच्या वर नुसता आर्क, म्हणजे प्रत्यक्ष वेल्डिंग, चालतो, आणि घरच्या कामात आर्क चालू किती असतो हो, निम्मा वेळ तर मापं घेण्यात आणि क्लॅम्प शोधण्यात जातो. मिक्स द्रव होत नाही, नुसता दाबून भरलेला असतो, तेवढ्याच आकाराच्या टाकीत १५० बारला जेमतेम ११०० लिटर बसतो. शिवाय सीओटूचं पेनिट्रेशन चांगलं, म्हणजे वेल्ड धातूत खोल जातो. रॅक, स्टँड, गेट करायचंय ना, मग नखरे कशाला?

पत्राकाम
हिशोब बरोबर आहे पण अर्धाच आहे. गॅसचे लिटर मोजले, ग्राइंडरची मिनिटं कोण मोजणार? सीओटूवर वितळल्या धातूचे छर्रे उडतात ते बीडच्या, म्हणजे वेल्डच्या रेघेच्या, दोन्ही बाजूंना मुरमासारखे चिकटून बसतात, टॉर्चचं नोझल भरतं, दर थोड्या वेळानं पकडीनं खरवडा. मी गाड्यांचा पत्रा करतो, ०.८ एमएम. तिथं तुमचं ते चांगलं पेनिट्रेशन म्हणजे सरळ भोक. मिक्सवर, म्हणजे ८० टक्के आर्गन २० टक्के सीओटू, आर्क मऊ चालतो, बीड सपाट बसतो, वरून फ्लॅप डिस्कचा एक हात फिरवला की रंगाला तयार. सीओटू सोडल्यावर माझं निम्मं घासकाम कमी झालं, खोटं नाही सांगत.

रविवारचा_वेल्डर
भोक गॅसनं पडत नाही राव, हातानं पडतं. ०.६ ची वायर लावा, एक टाका मारा, थांबा, लाली उतरू द्या, मग शेजारी दुसरा. आणि छर्ऱ्यांचं म्हणाल तर सीओटूला मिक्सपेक्षा एखाद-दोन व्होल्ट जास्त लागतात, लोक मिक्सच्या सेटिंगवर सीओटू चालवतात आणि मग गॅसला शिव्या घालतात. वायरही ७०एस-६ (साध्या लोखंडाच्या मिग वायरचा एक प्रकार) घ्यावी, तिच्यात सिलिकॉन-मँगनीज जास्त असतं.

पत्राकाम
व्होल्ट वाढवून छर्रे कमी होतात, जात नाहीत. आणि पातळ पत्र्यावर व्होल्ट वाढवायचे तरी कुठून?

अर्धी_टाकी
सीओटूवाल्यांनी एक गोष्ट लपवली. दाबाचा काटा. आत द्रव आहे तोवर काटा जागचा हलत नाही, खोलीच्या तापमानाला ५५-६० बारच्या आसपास उभाच, टाकी भरलेली असो की तळाला आलेली. माझं शेवटच्या जॉइंटला असंच झालं, काटा छान दिसतोय म्हणून निवांत होतो, आणि चार इंच बीड मारतोय तोवर आवाज बदलला, तळणीचा चर्रर्र होता तो फाटक्या स्पीकरसारखा तडतडायला लागला, हेल्मेट वर करून बघतो तर बीडचा सगळा स्पंज झालेला. तेव्हापासून सिलिंडरखाली वजनकाटा ठेवतो, रिकामं वजन खांद्यावर ठोकलेलं असतं ते वजा करायचं. मिक्सचा काटा तरी प्रामाणिक, निम्म्यावर आला म्हणजे निम्माच उरला. आणि जास्त वेळ सलग मारलं की सीओटूचं रेग्युलेटर गारठून पांढरं होतं ते वेगळंच.

रविवारचा_वेल्डर
वजनकाट्याचं मान्य. गारठण्याचं म्हणाल तर घरच्या १० लिटरच्या फ्लोला क्वचितच होतं, दिवसभर मारणाऱ्याला हीटर लागतो.

धूरवाला
दोघंही सिलिंडर उचलत बसा. फ्लक्सकोअर वायर लावा, आत फ्लक्स भरलेली, गॅसच लागत नाही, विषय संपला. बाहेर वाऱ्यातही चालते.

पत्राकाम
संपला कसा? पोलॅरिटी उलटी करावी लागते, टॉर्च निगेटिव्हला, निम्मे लोक तेच विसरतात. वर धूर आणि स्लॅग, म्हणजे बीडवरची खपली. गेटला ठीक आहे, पत्र्याला नको.

नवा_हात
दादा, दोन शंका. घरात आग विझवायचं जुनं सीओटू सिलिंडर पडलंय ते चालेल का? आणि शुद्ध आर्गन घेतला तर ॲल्युमिनियम पण होईल आणि लोखंड पण, एकाच टाकीत?

रविवारचा_वेल्डर
पहिलं अजिबात नको. त्या सिलिंडरमध्ये आत तळापर्यंत नळी असते, उभं ठेवून उघडलं की गॅस नाही, द्रव येतो, आणि रेग्युलेटर द्रवासाठी बनलेलं नसतं. साधं सिलिंडर आडवं ठेवून वापरलं तरी तेच होणार, म्हणून सीओटू कायम उभा.

पत्राकाम
इथं आमचं एकमत, नोंद करून ठेवा. दुसरं पण नको. शुद्ध आर्गनवर साध्या लोखंडाचा आर्क भरकटतो, बीड वर दोरीसारखा उंच राहतो आणि कडेला अंडरकट, म्हणजे खाच. ॲल्युमिनियमला मात्र शुद्ध आर्गनच. स्टेनलेसला परत तिसरा गॅस, आर्गनमध्ये सीओटू दोनेक टक्केच. एका टाकीत सगळं असं काही नसतं.

नवा_हात
मग ते वापरून फेकायचे छोटे डबे? मिक्सचे मिळतात.

अर्धी_टाकी
त्यात १०० लिटरच्या आसपास गॅस. मिनिटाला ८ नं लावा, बारा मिनिटांत डबा खाली. मशीन चालतंय का बघायला ठीक. आणि भरून मिळणारं सिलिंडर घेताना भाड्याचं की स्वतःचं हे नीट बघ, भाडं तू वेल्डिंग मारलं नाहीस तरी चालूच राहतं. स्वतःचं जुनं घेतलंस तर खांद्यावर टेस्टची तारीख ठोकलेली असते ती वाच, मुदत संपलेली टाकी भरणारा हात लावत नाही, मग शोभेला ठेव.

नवा_हात
अजून एक, मला ब्लोहोल (बीडमध्ये बारीक भोकं) येतात. गॅसचा फ्लो मिनिटाला १० लिटरवरून २० वर नेला तरी येतात, उलट वाढले.

पत्राकाम
वाढणारच. जास्त फ्लोनं गॅस घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. वायर ०.८ असेल तर ८ ते १० लिटर बास. मागं पंखा चालू आहे का?

नवा_हात
आहे. गॅरेजमध्ये उकडतं.

पत्राकाम
तो जॉइंटवरचा गॅस उडवून नेतोय. तोंड दुसरीकडं फिरव, पण पूर्ण बंद करून दारं लावून बसू नकोस, आर्गन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड, खाली साठतात, आणि सीओटूचा आर्कमध्ये थोडा कार्बन मोनॉक्साइड पण होतो. काम झालं की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, नुसतं मशीन बंद करून भागत नाही. माझ्या पाइपच्या क्लॅम्पवर सुईच्या टोकाएवढी गळती होती, साबणाचं पाणी लावलं तेव्हा दिसली, तोवर एक आख्खी मिक्सची टाकी शनिवार ते शनिवार आपोआप संपली होती.

रविवारचा_वेल्डर
बघा, महागाचा गॅस गळाला की जास्त दुखतं 😄

पत्राकाम
ते असू दे. तुमच्या त्या पोराला करायचंय तरी काय, रॅक की गाडी?

रविवारचा_वेल्डर
आत्ताच फोन केला. म्हणाला अजून ठरलं नाही, पण जुन्या गाडीचा फ्लोअर कुजलाय तो बघतो म्हणे. हे मला आधी बोलला नव्हता.

पत्राकाम
मग मिक्स.

रविवारचा_वेल्डर
फ्लोअरला मिक्स, ठीक आहे. पण गाडीनंतर तो रॅकच करणार, तेव्हा माझी ५ किलोची टाकी त्याला उसनी देतो आणि मग बोलू.